खाप्यातली पाजण आणि एक कप

प्रिय मैत्री, प्रिय राहुल,

गेल्या रविवारी मैत्रीने मला फोनवर आपल्या पीएच.डी.चा विषय समजावून सांगितला. आरोग्याची माहिती लोकांपर्यंत कशी पोचते, कोणापर्यंत पोचतच नाही, आणि त्यात न्याय-अन्याय कुठे येतो, असा काहीसा. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आजी, विषय अगदी नवा आहे ना, म्हणून तुला जरा कठीण वाटेल." मी "हो गं बाई" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ एकटीच हसत बसले.

विषय नवा नाही. तुमच्या आईने तो इथल्या विद्यापीठात केला आहे, तुम्ही दोघे जन्मायच्या आधी. त्यासाठी ती नागपूरजवळच्या खाप्याला गेली तेव्हा मी तिच्यासोबत होते. तिने हे तुम्हाला कधी सांगितलं नसणार. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की सुजाताला नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. तेव्हा मी सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर शाळेत मी इंग्रजीच शिकवलं. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत बोलायला लागली की खोटी वाटतात. मी करून पाहिलं.

जरीपटका ते खापा

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहत होतो. सुजाताचा प्रश्न साधा होता: क्षयरोगाची माणसं गोळ्या मधेच का सोडतात? दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत होत्या, भिंतीवर पोस्टरं होती, गावोगाव भोंगा लावलेली गाडी फिरत होती. तरी माणसं सोडून देत आणि पुन्हा खोकत. खाप्याच्या विणकरांच्या गल्लीत असं फार होतं, असं तिला एका नर्सने सांगितलं होतं.

तिच्या सरांनी दोन अटी घातल्या. एक, एकटीने जायचं नाही. दुसरी, प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहायची. सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला की लोक उत्तरं बदलतात आणि संशोधन बिघडतं. पहिली अट माझ्या वाट्याला आली, कारण मे महिना होता आणि शाळेला सुट्टी होती. तुमचे आजोबा म्हणाले, "आपली मुलगी पीएच.डी. करते आहे आणि तिची आई तिच्यासोबत वर्गात जाते आहे. हे विद्यापीठात पहिल्यांदाच घडत असेल."

मी पाण्याची छागल भरून घेतली, उन्हाची लू लागू नये म्हणून दोन कांदे पदराच्या गाठीला बांधले आणि दोघींच्या साड्या एका पिशवीत बसवल्या. सुजाताने मात्र एक भलामोठा फ्लॅनेलचा फळा घेतला. त्यावर कागदाची चित्रं चिकटतात: फुप्फुसं, गोळी, खोकणारा माणूस. एस.टी.त तो फळा वरच्या जागेतून घसरून एका गृहस्थाच्या पागोट्यावर पडला. त्यांनी तो शांतपणे उचलून दिला आणि विचारलं, "बाई, सिनेमा दाखवून राहिल्या का गावात?"

खापा कन्हान नदीच्या काठी आहे. मे महिन्यात नदी म्हणजे पांढऱ्या वाळूचं मैदान आणि त्यात एका कडेने वाहणारी हातभर धार. पण त्याच वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांच्या वाड्या असतात. संध्याकाळी आम्ही गेलो तर वाळू अजून तापलेली, आणि तिच्या पोटावर हिरवे वेल पसरलेले, त्यांना टरबुजं लागलेली. एका बाईने आम्हाला एक फोडून दिलं. नागपूरला गाडीवर विकत घेतलेलं टरबूज आणि वेलावरून तोडलेलं टरबूज यांचं नाव एक आहे, एवढंच.

उतरलो होतो माझ्या मावसबहिणीकडे, शांताकडे. तिचं घर बौद्ध वस्तीत, आणि नवरा मँगनीजच्या खाणीत. तिने पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता. आपल्या घरीही पाटोडी होते, पण शांताच्या रश्शाने सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शांता खूश झाली.

"उद्या कोठी जाऊन राहिल्या?" तिने विचारलं.

"विणकरांच्या गल्लीत."

"जा. चहाचा आग्रह झाला तं कपाकडं पाहून घेजो, बाई," शांता म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मला समजलं. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी मोठी होते. त्याआधीचे आणि त्यानंतरचेही, आमच्यासाठी वेगळे ठेवलेले असे कप मला माहीत होते. त्यासाठी मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, "मी चहा घेत नाही." सभ्य वाक्य. त्याने कोणाचं मन दुखत नाही आणि आपली मान खाली जात नाही. शाळेच्या निरीक्षणाला, लग्नाकार्याला, ते मी किती ठिकाणी वापरलं असेल.

गल्ली

पाजण म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागावर चढवायच्या आधी सुताचे उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून ताणतात. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकतात. मग त्याला खळ लावून लांब कुंच्याने धागा न् धागा मोकळा करतात. हे सगळं ऊन चढायच्या आत झालं पाहिजे. एका घराचं ते काम नव्हे, म्हणून आज याची पाजण असली तर शेजारचे हात लावायला येतात, उद्या त्यांची असली तर हे जातात. सकाळी सगळी गल्ली त्या ताण्याच्या दोन्ही बाजूंना उभी असते, आणि हात चालू असतात तसं तोंडही चालू असतं.

त्या सकाळी सुजाता पुढे होती, मी मागे. तिच्या काखेत फळा, त्यामुळे तिला पायाखालचं दिसत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच तिचा पाय खुंटीच्या दोरात अडकला. खुंटी उपटून आली. तो लांबलचक ओला ताणा एकदम ढिला पडला, धुळीला टेकला आणि कडेचे काही धागे तुटले.

"अवं माय!" हातात कुंचा घेतलेली एक म्हातारी धावत आली. "डोये घरी ठेवून आली का वं पोट्टी? दवाखान्याची व्हय का तू?"

"आजी, चुकलं माझं."

"चुकलं म्हने! धागे का तुह्या चुकल्यानं जोडले जाते?"

चौघांनी ताणा उचलून धरला, कोणी खुंटी ठोकली. सुजाता फळा छातीशी धरून उभी होती, तोंड एवढंसं झालेलं. तिचं सगळं काम पहिल्याच पावलाला संपलं असं मला वाटलं. मी पिशवी ठेवली, खाली बसले, तुटलेली टोकं शोधली आणि सांधायला लागले. माझी आजी जाडंभरडं कापड विणायची. आमच्या लोकांत तेव्हा पुष्कळ घरी माग असत. लहानपणी तिच्याशेजारी बसून मी हेच करायची. दोन टोकं जवळ आणायची, चिमटीत पीळ द्यायचा, खळीचं बोट फिरवायचं. इतक्या वर्षांनी बोटं विसरली नव्हती.

म्हातारी माझ्या हाताकडे बघत राहिली. तिचं नाव तुळसाबाई. तो ताणा तिच्याच घरचा होता.

"मास्तरीनबाई दिसता. हे कोठी शिकल्या?"

"आमच्या घरी माग होता."

"कोष्टी व्हय का?"

"नाही. आम्ही बौद्ध."

माझ्या चिमटीत एक धागा अर्धा जोडलेला होता. मी तो सोडला नाही. तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ताण्याकडे पाहिलं, मग छपरावरून खाली उतरणाऱ्या उन्हाकडे पाहिलं. खळ अशीच वाळली असती तर सगळा ताणा वाया गेला असता.

"जोडा, जोडा," त्या म्हणाल्या. "ऊन काही कोनासाठी थांबून नाही राहिलं."

चहा

त्या गल्लीची एक रीत होती. पाजणीला ज्याने हात लावला त्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. मी हात लावला होता. तेव्हा तुळसाबाईंना आम्हाला बोलवावं लागलं, आणि त्यांची पंचाईत झाली.

आम्ही बाहेर ओसरीवर बसलो. आतल्या फळीवर कपांची रांग दिसत होती. तुळसाबाई तिकडे गेल्या नाहीत. ओसरीच्या भिंतीत दाराजवळ एक कोनाडा होता, त्यात दोन कप होते. त्यातला कान तुटलेला त्यांनी घेतला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे ठेवून चहा ओतला. मग हात पुन्हा कोनाड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पाहुण्या दोन आणि आमच्यासारख्या पाहुण्यांचा कप एक.

"अन् तो कोणाचा?" सुजाताने विचारलं.

"तो सुमनचा. तो नोको."

सुमन त्यांची सून. ओसरीच्या अगदी टोकाला चरख्यावर कांड्या भरत बसली होती. कांडी म्हणजे धोट्यात घालायचं सुताचं छोटं रीळ. उमरेडची मुलगी, सुजाताच्याच वयाची, हातांची नुसती हाडं राहिलेली. तिने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

"काहून नोको?" तुमच्या आईने विचारलं.

"तिले खोकल्याची बिमारी हाय. गोळ्या चालू होत्या, बंद केल्या तिनं. आता लोक म्हनते माहेरी पाठवा. नामदेवाले दुसरी पाहा म्हनते." नामदेव त्यांचा मुलगा, आत मागावर बसला होता. माग थांबल्याचं मला ऐकू आलं.

"कप वेगळा ठेवा असं दवाखान्यात सांगितलं का?"

"सांगाले काहून लागते वं? समजते न मानसाले."

मी तेव्हा माझं सभ्य वाक्य बोलायच्या तयारीत होते. सुजाताने मला वेळ दिला नाही. तिने पेन खाली ठेवलं, उठली, कोनाड्यातून सुमनचा कप बशीसकट घेतला, बादलीतल्या पाण्याने विसळला आणि तुळसाबाईंच्या पुढे धरला.

"यात ओता."

क्षयरोग कपातून येत नाही हे मला ठाऊक होतं. घरी सुजाताचीच पुस्तकं मी वाचली होती. पण पुस्तकात वाचणं वेगळं, आणि आपल्या एकुलत्या एका मुलीने तो कप ओठाला लावताना पाहणं वेगळं. तुळसाबाईंनी कप काठोकाठ भरला. चहा बशीत सांडला. सुजाताने सगळा कप प्याला, मग बशीतलाही.

"तुले मराचं हाय का वं पोरी?"

"आजी, हा आजार कपातून येत नाही. खोकल्यातून हवेत येतो. म्हणून मी इथं उघड्यावर बसले. तिचं ताट वेगळं केलंत, वाटी वेगळी केलीत, त्याने काही थांबत नाही. नीट औषध पूर्ण झालं तर थांबतं. बरी होईल ती."

"अन् तू मेली तं?"

"उद्या येते, परवा येते. मेले तर येणार नाही, तुम्हाला कळेलच."

दारासमोर जमलेल्या बाया हसल्या. सगळ्यांत आधी सुमन हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

परतताना मी म्हटलं, "तुझे सर रागावतील."

"रागावतील."

"मग?"

"सल्ला देऊ नका म्हणाले होते. चहा पिऊ नका असं नव्हते म्हणाले." थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "आई, सल्लाही दिलाच मी. पण आता काय करू?"

त्या उन्हाच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा तिचा अभिमान वाटला. तोवर नुसती भीती होती. आणि मला जे जन्मभर सुचलं नाही ते हिला एका क्षणात सुचलं, हेही लक्षात आलं. मी तो कप टाळत आले होते. तिने शेजारचा कप उचलून दोन्ही कपांची रीतच मोडली.

रोज सकाळी

ती रोज पाजणीच्या वेळी जायला लागली. मुद्दाम गल्लीच्या मधून, सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्या दिवशी पोरं मागे लागली. एका काकांनी कुंचा थांबवून विचारलं, "जित्ती हाय का वं?"

"हाव काका, तुमची पाजण पाहाले आली."

"खोकला?"

"तुमच्या बिडीनं येऊन राहिला."

त्यावर सगळी गल्ली हसली आणि काकांनी बिडी कानावर खोचली. आमच्या नागपूरच्या घरी बातमी रेडिओवर येते आणि आपण ती मानतो. त्या गल्लीत बातमी पाजणीच्या या टोकाला सुटली की त्या टोकापर्यंत जाताना प्रत्येकजण तिला बोट लावून पाहत होता, धागा पाहावा तशी. पोरगी प्याली. पोरगी आली. पोरगी आजही आली. फ्लॅनेलचा फळा तिने पुन्हा नेला नाही. शांताने तो अंगणात आडवा टाकून त्यावर कापड अंथरलं आणि ज्वारीचे पापड वाळत घातले.

सुमनने गोळ्या का सोडल्या ते तिने स्वतः सांगितलं, आम्ही नदीवर बसलो असताना.

"भोंग्याची गाडी आली होती, ताई. पुढं पाजण होती न, तं तिले जाता नाही आलं. आमच्याच दारापुढं थांबली. अन् भोंग्यावर सांगे, ज्याले खोकला हाय त्यानं दवाखान्यात या. सारी गल्ली पाजण सोडून माह्याकडं पाहे." ती वाळूत रेघा ओढत होती. "तोवर फक्त घरच्याइले माहीत होतं. त्या दिवशी कप बाहेर आला. मंग दवाखान्यात जाची तं साऱ्याइच्या समोरून जा लागे. मी गेली नाही."

गाडीवाल्याने काही वाईट केलं नव्हतं. पाजण कोणी ओलांडत नाही, म्हणून तोही थांबला. सुजाताने हे ऐकलं आणि वही मिटली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. गोळीची माहिती सुमनला पूर्ण होती. ती सांगायची रीतच तिच्यावर उलटली होती.

"पुन्हा सुरू करशील?" सुजाताने विचारलं.

"आत्या काय म्हनते पाहाव लागन." आत्या म्हणजे सासू.

आमच्या निघायच्या आदल्या सकाळी दुसऱ्याच कोणाची तरी पाजण होती. तुळसाबाई कुंचा मारत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही, पण आवाज असा चढवला की पलीकडच्या खुंटीपर्यंत ऐकू जावा.

"मास्तरीनबाई, ह्या गोळ्या घरच्या घरी पुन्हा चालू केल्या तं चालते का?"

"नाही," मी म्हटलं. "मधे सुटल्या आहेत. आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल. छातीचा फोटो काढावा लागेल."

"कोठी?"

"नागपूरला, धंतोलीत."

"मंग उद्या तुमच्या संगं आमी दोघी येतो. माही सून हाय. बरी करून आनतो." मग त्या कडेला उभ्या असलेल्या बायांकडे वळल्या. "अन् नामदेवासाठी पोरी कोन पाहून राहिली होती वं? तिनं आपल्या घरच्यासाठी पाहा."

नामदेव खाली मान घालून ताणा सारखा करत होता. त्याचे कान लाल झाले होते.

परत

एस.टी.त सुमनला खिडकीजवळ बसवलं, खिडकी उघडी ठेवली. धंतोलीत फोटो झाला, थुंकी तपासायला दिली, डॉक्टरांनी औषध नव्याने सुरू करायला लिहून दिलं आणि सुमनला समजावलं की या वेळी मधे सोडलं तर पुढच्या वेळी औषध लागू पडेलच असं नाही. संध्याकाळची गाडी चुकली, म्हणून दोघींना आमच्याकडे आणलं.

मी चहा केला. आमच्याकडे सगळे कप सारखे, पांढरे, निळ्या काठाचे. तुळसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आमच्या खोलीवरून नजर फिरवली, दाराशी, खिडकीशी.

"तुमच्या घरी कोनाडा नाही का वं?"

"आहे की," तुमचे आजोबा म्हणाले. "त्यात सुजाताची पुस्तकं आहेत."

तुळसाबाईंनी त्या कोनाड्याकडे पाहिलं. मग कप उचलला, फुंकर मारली आणि प्यायल्या. साखर कमी आहे म्हणाल्या.

सुमनचं औषध पुढे पुष्कळ महिने चाललं आणि पूर्ण झालं. गोळ्या आणायला दवाखान्यात तुळसाबाई स्वतः जात आणि येताना पाकीट हातात उघडं धरून गल्लीच्या मधून चालत. सुजाता अधूनमधून जाऊन यायची. त्या दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं की त्या गल्लीतल्या आणखी काही सासवा आता स्वतः पाकीट न्यायला येतात.

सर रागावले. "हे संशोधन आहे की समाजकार्य?" त्यांनी विचारलं. सुजाता म्हणाली, "सर, ज्याच्या घरचा चहा आपण पिऊ शकत नाही, त्याला आपण आरोग्य काय सांगणार? मला हाच अभ्यास करायचा आहे." शेवटी त्यांनी प्रबंधातलं ते पूर्ण प्रकरण तसंच राहू दिलं. तोंडी परीक्षेला मी बाहेर बाकावर बसले होते. दार बंद असल्यामुळे आत काय झालं ते मला माहीत नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आई, चहा पिऊ या." मी माझं वाक्य त्या दिवसापासून बोलले नाही.

मैत्री, तुझ्या विषयाची पुस्तकं तू वाचच. पण तुझी आई एकदा स्वयंपाकघरात जायला उठली की तिला धरून बसव आणि खाप्याबद्दल विचार.

त्या गल्लीत आता डांबर आहे. खुंट्या ठोकायला जागा नाही, आणि पाजण करायला माणसंही नाहीत. बहुतेकांनी माग मोडले, नामदेवची मुलं नोकरीला आहेत. तुळसाबाई गेल्या. शांता गेली. फळ्याला वाळवी लागली. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठात आहे, एक माझ्या कोनाड्यात.

सुमन आहे. खाप्यातच आहे.

तुमची,
आजी